सुताचा ऐब शेतातच असतो: व्यापाऱ्याने कापसाचे झाड का ओळखावे?

सन २०१८ च्या मार्च महिन्यातील गोष्ट आहे. ४० काउंटच्या सुताचे कोरे पॉपलीन आम्ही राजस्थानातील एका प्रोसेस हाऊसकडे गडद निळ्या रंगासाठी पाठविले होते. माल परत आला तेव्हा निळ्या कापडावर कोणी मीठ शिंपडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसत होते. गिऱ्हाईकाने माल घेण्यास नकार दिला. आम्ही रंगवाल्याला फोनवर बरेच काही सुनावले आणि त्याचे बिल थांबवून ठेवले.

त्याच मालाच्या बाबतीत आमच्याकडून आधीच एक चूक झालेली होती. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाने विणाई चालू असतानाच तक्रार केली होती की ताण्याचे धागे फार तुटतात, माग सारखे बंद पडतात. आम्ही त्याला सांगितले की तुमचे माग जुने झाले आहेत, देखभाल नीट नाही. माल उशिरा दिला म्हणून त्याची मजुरीही कापली.

पंधरा दिवसांनी रंगवाल्याने प्रयोगशाळेचा अहवाल पाठविला. कापडावरील पांढरा ठिपका म्हणजे कच्च्या, मेलेल्या कापसाच्या तंतूंची गुठळी आहे आणि असा तंतू रंग धरत नाही, असे त्यात लिहिले होते. दोष रंगात नव्हता आणि मागातही नव्हता. दोष सुतात होता, सुतात तो रुईतून आला होता आणि रुईत तो शेतातून आला होता. पंचवीस वर्षे आम्ही सुताचा आणि कापडाचा व्यापार केला. पण सूत घेताना आम्ही चारच गोष्टी विचारीत होतो: काउंट, भाव, गिरणीचे नाव आणि उधारीची मुदत. ज्या झाडावर आमची रोजी अवलंबून आहे ते झाड आम्ही एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिले होते.

त्यानंतर आम्ही जिनिंगमध्ये जाऊन बसलो, शेतकऱ्यांच्या बांधावर गेलो, जाणकारांना विचारले. जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे, कारण आमच्यासारखे नुकसान आणि आमच्याकडून झालेला अन्याय इतरांकडून होऊ नये.

तंतू म्हणजे सरकीवरचा केस

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला एक केस होय. आश्चर्याची गोष्ट अशी की हा एवढा लांब केस म्हणजे एकच पेशी असते. एका सरकीवर असे हजारो केस असतात. ज्या दिवशी फूल उमलते त्याच दिवसाच्या आसपास त्यांची वाढ सुरू होते.

ही वाढ दोन टप्प्यांत होते. पहिले सुमारे तीन आठवडे तंतू मुख्यतः लांबी वाढवितो. तेव्हा तो पातळ नळीसारखा असतो. लांबी पूर्ण होत आली की नळीच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढू लागतात आणि भिंत जाड होत जाते. फूल लागल्यापासून बोंड फुटेपर्यंत साधारण ५० दिवस जातात. पहिल्या टप्प्यात पावसाने ताण दिला तर तंतू आखूड राहतो. दुसऱ्या टप्प्यात झाड वाळले, किंवा बोंडाला अळी लागली, तर लांबी पुरेशी मिळते. पण भिंत पातळ राहते.

बोंड फुटून हवा लागली की आतील ओलावा निघून जातो आणि नळी चपटी होऊन पिळदार होते. हा पीळ कुदरतीची मोठी देणगी आहे. त्यामुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून ठेवतो आणि कापसाचे सूत कातता येते. ज्या तंतूची भिंत भरलेली नाही त्याला हा पीळ नीट पडत नाही. तो फितीसारखा लोळागोळा होतो, पिंजताना त्याच्या गुठळ्या होतात, आणि भिंतच नसल्यामुळे रंग बसायला जागा राहत नाही. आमच्या निळ्या पॉपलीनवरचे मीठ ते हेच.

चार जाती, दोन घराणी

जगात कापसाच्या चार जातींची लागवड होते आणि या चारही जाती व्यापारी प्रमाणावर पिकविणारा देश म्हणून भारताचे नाव घेतले जाते. शास्त्रीय भाषेत त्यांना गॉसिपियम आर्बोरियम, हर्बेशियम, हिरसुटम आणि बार्बाडेन्स म्हणतात. पहिल्या दोन आपल्या देशी जाती आहेत. हिरसुटमला आपण अमेरिकन कापूस म्हणतो. बार्बाडेन्स म्हणजे इजिप्शियन धर्तीचा अतिलांब धाग्याचा कापूस. देशी जातींच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, बाकीच्या दोन जातींत ५२. त्यामुळे देशी आणि अमेरिकन यांचा संकर सहज होत नाही. ही दोन वेगळी घराणी आहेत असे समजावे.

कापूस या भागात फार जुना आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे एका कबरीत तांब्याच्या मण्यात अडकलेले कापसाचे तंतू मिळाले आहेत. ते सात ते आठ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. पश्चिमेकडे हे पीक नेण्यात अरबांचा वाटा मोठा होता. अरबी भाषेतील ‘कुत्न’ या शब्दावरूनच ‘कॉटन’ हा शब्द आला आहे. स्पेनमध्ये कापसाची शेती मुसलमानांच्या काळात रुजली आणि बाराव्या शतकातील सेव्हिलचे इब्न अल-अव्वाम यांच्या ‘किताब अल-फिलाहा’ या शेतीवरील ग्रंथात कापसाच्या लागवडीचाही विचार आहे. म्हणजे एके काळी आपल्या लोकांना कापडाबरोबर झाडाचीही माहिती होती.

आपल्या खानदेश-वऱ्हाडात काळ्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या देशी कापूस पिकत असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, भाव गगनाला भिडले आणि युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळला. त्या गिरण्यांची तक्रार मात्र कायम होती की हिंदुस्थानी कापूस आखूड आणि कचऱ्याचा आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या आपल्या विणकर बिरादरीने मालेगाव आणि भिवंडीत हातमाग टाकले. त्या काळात आजूबाजूच्या शेतात प्रामुख्याने हाच देशी कापूस उभा होता.

संकरित कापूस, बीटी आणि गुलाबी अळी

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा बहुतेक गिरण्या भारतात राहिल्या, पण लांब धाग्याचा कापूस पिकविणारा बराचसा मुलूख पाकिस्तानात गेला. तेव्हापासून सरकारचा आणि शास्त्रज्ञांचा सारा जोर लांब धागा वाढविण्यावर राहिला. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हे वाण दिले. व्यापारी लागवडीसाठीचे ते जगातील पहिले संकरित कापूस वाण मानले जाते. पुढे नांदेडच्या केंद्राचे एन.एच.एच.-४४ महाराष्ट्रात खूप चालले. गुजरातच्या ‘शंकर-६’ या वाणाचे नाव तर आजही सौद्यात घेतले जाते.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातल्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार करते. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. हिरव्या बोंडअळीचा त्रास त्यामुळे खूपच कमी झाला, औषधाचा खर्च उतरला आणि काही वर्षांतच देशातील बहुतेक क्षेत्र बीटी संकरित वाणांखाली गेले. देशी कापूस शेतातून जवळजवळ हद्दपार झाला.

परंतु गुलाबी बोंडअळीने या विषाची सवय करून घेतली. ही अळी बोंडाच्या आत राहते, वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. संकरित वाणांचा हंगाम लांब. त्यातच डिसेंबरनंतरही पाणी देऊन ‘फरदड’ घेण्याची सवय. अळीला जवळजवळ वर्षभर खाणे मिळत राहिले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने मोठे नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आम्ही जे सूत घेतले ते त्याच हंगामानंतरचे होते.

अळीने खाल्लेल्या बोंडात रुई फुलत नाही. ती पिवळट, चिकट, घट्ट पाकळीसारखी राहते. जिनिंगवाले तिला ‘कवडी’ म्हणतात. चांगल्या कापसाचा तुटवडा असला की कवडी कापूस चांगल्या कापसात मिसळला जातो. पुढे सुतावर तोच काउंट लिहिला जातो, पण आतला माल बदललेला असतो.

लांबी, मायक्रोनेअर आणि काउंट

आता आपल्या कामाची गोष्ट. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. ४० काउंट म्हणजे एका पौंडात ३३,६०० यार्ड सूत. सूत जितके बारीक तितके त्याच्या जाडीत तंतू कमी बसतात, म्हणून तंतू लांब आणि मजबूत लागतो.

आपल्याकडे धाग्याच्या लांबीचे ढोबळ वर्ग असे आहेत: २० मि.मी.पर्यंत आखूड, सुमारे २०.५ ते २४.५ मध्यम, २५ ते २७ मध्यम-लांब, २७.५ ते ३२ लांब आणि ३२.५ च्या वर अतिलांब. ३० आणि ४० काउंटसाठी साधारण २८-२९ मि.मी.चा कापूस वापरतात. ८० काउंटच्या वर जायचे असेल तर अतिलांब धागा हवा. मध्य प्रदेश-कर्नाटकातील डी.सी.एच.-३२ त्यासाठी वापरला जातो. १९७४ च्या सुमारास कोइमतूर येथे ‘सुजाता’ आणि ‘सेंट व्हिन्सेंट’ यांच्या संकरातून निघालेला ‘सुविन’ १०० काउंटच्याही पुढे जातो.

दुसरा आकडा आहे मायक्रोनेअर. ठराविक वजनाच्या रुईतून हवा सोडून ती किती सहज जाते हे यंत्र मोजते. साधारण ३.५ ते ४.९ हा आकडा सर्वसाधारण सुतासाठी चांगला समजतात. ३.५ च्या खाली गेला तर रुई कच्ची असण्याची शंका घ्यावी. ५ च्या वर गेला तर तंतू जाड आहे, बारीक सुताला निरुपयोगी. येथे एक सावधगिरी हवी. सुविनसारख्या वाणाचा तंतू मुळातच नाजूक असतो. त्यामुळे पूर्ण पिकलेला असूनही त्याचा आकडा कमी येतो. म्हणून मायक्रोनेअर नुसते पाहू नये, वाणही विचारावे.

आमच्या त्या सुताची लांबी ठीक होती, म्हणूनच ते ४० काउंटला कातले गेले. कच्चे तंतू कमजोर असल्याने ताण्यात तुटले आणि गडद रंगात उघडे पडले. पांढऱ्या किंवा हलक्या रंगात हेच कापड कदाचित निभावून गेले असते. कोणत्या सुताला कोणता रंग द्यायचा हे ठरविण्यासाठीही झाडाची माहिती लागते.

वेचणीपासून गाठीपर्यंत

आपल्याकडे कापूस हाताने वेचला जातो. पहिल्या दोन वेचण्यांचा माल सर्वात चांगला असतो. शेवटच्या वेचणीचा आणि फरदडीचा माल आखूड, कच्चा आणि डागी निघतो. हे सर्व एकाच ढिगात टाकले की एकाच गाठीत दोन स्वभावाची रुई येते.

हाताने वेचल्यामुळे आपल्या कापसात पाने-काड्यांचा कचरा यंत्राने वेचलेल्या कापसापेक्षा कमी असायला हवा. पण आपण दुसराच कचरा घालतो. खताच्या प्लास्टिक पोत्यांचे धागे, सुतळी, डोक्याचे केस, तंबाखूच्या पुड्या. प्लास्टिकचा धागा रुईबरोबर कातला जातो, विणला जातो आणि कापसाचा रंग त्यावर अजिबात बसत नाही. त्यामुळे भारतीय कापसाची परदेशात बदनामी झाली आहे. स्वच्छ आणि प्रमाणित कापसाला वेगळी ओळख मिळावी म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये ‘कस्तुरी’ हे नाव भारतीय कापसाला देण्यात आले. या दोषावर उपाय स्वस्त आहे. वेचताना डोक्याला रुमाल आणि सुती कापडाची झोळी.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा आधार धरतात, १२ टक्क्यांच्या वर माल नाकारला जातो. तरी वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याचे प्रकार होतात. ओल्या कापसाचे जिनिंग नीट होत नाही, सरकी फुटून तिचे तुकडे रुईत येतात, गाठीत रुई पिवळी पडते. आपल्या वाचकांना हजरत पैगंबर (स.) यांचा बाजारातील प्रसंग माहीत आहे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओलावा लागला. पावसाने भिजले असे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही अशी ताकीद देण्यात आली. ऐब दाखवून माल विकावा, ही आपल्या तिजारतीची पहिली अट आहे. परंतु आम्हांला वाटते की या प्रसंगात घेणाऱ्यासाठीही शिकवण आहे. ढिगात हात घालून पाहिले गेले. आम्ही सुताच्या पेटीत कधी हात घातला नव्हता.

भावाचा हिशोब

रुईचा भाव खंडीवर चालतो. एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. कापसातून ३४ टक्के रुई निघाली तर एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. उतारा ३२ टक्क्यांवर आला तर ११ क्विंटलच्या वर लागतो, म्हणजे जवळपास ६५ किलो जास्त. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला. त्या हिशोबाने दोन टक्के उताऱ्याचा फरक खंडीमागे पाच हजार रुपयांहून अधिक कापूस खातो. त्यातील काही भाग सरकीच्या रूपाने परत मिळतो.

सरकीचा हिशोबही सूतवाल्याने ठेवावा. एका खंडीमागे पावणेसात क्विंटलच्या आसपास सरकी निघते. तिचे तेल निघते, पेंड जनावरांना जाते. सरकी क्विंटलमागे शंभर रुपयांनी चढली की जिनरला खंडीमागे सुमारे ६७० रुपये जास्त सुटतात आणि तो रुई तेवढी सैल सोडू शकतो. सरकी पडली की तो रुईचा भाव धरून ठेवतो. मे २०२२ मध्ये रुई खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेली तेव्हा आपल्या अनेक बांधवांनी घाबरून वरच्या भावात सूत भरले आणि नंतर भाव उतरल्यावर ते अडकले. फक्त सुताचा भाव पाहणारा नेहमी उशिरा जागा होतो. शेतातील पाऊस, बोंडअळी, उतारा आणि सरकी यांच्याकडे लक्ष ठेवणाऱ्याला थोडी आधी खबर लागते.

देशी कापसाला वाईट म्हणू नये

लांब धाग्याच्या मागे लागून आपण देशी कापसाला टाकाऊ ठरविले. हे बरोबर नाही. त्याची मुळे खोल जातात, कमी पावसात तो तग धरतो, रस शोषणाऱ्या किडी त्याला कमी लागतात. त्याचा तंतू जाड आणि चिवट असतो. आपले पिंजारी बांधव चांगले जाणतात की गादी आणि रजईला आखूड, जाड रुईच बरी, कारण ती लवकर दबून बसत नाही. दवाखान्यातील सर्जिकल कापसालाही अशीच रुई लागते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर देशी जातीतच लांब धाग्याची वाणे काढली आहेत. पी.ए.-२५५ आणि पी.ए.-४०२ ही त्यांतील नावे. त्यांचा धागा अमेरिकन वाणांच्या जवळ जातो. पी.ए.-२५५ ला ‘परभणी तुराब’ म्हणतात. उर्दू जाणणाऱ्यांना ठाऊक आहे की तुराब म्हणजे माती. कोरडवाहू मातीत येणाऱ्या वाणाला याहून चांगले नाव मिळाले नसते. अडचण एवढीच की हा कापूस वेगळा वेचून, वेगळा जिन करून घेणारे गिऱ्हाईक नाही. बाजारात नेला की तो बीटीच्या ढिगात जातो आणि शेतकऱ्याला वेगळा पैसा मिळत नाही.

कच्छमध्ये ही अडचण सोडविण्याचा प्रयत्न झाला. तेथील ‘काला कॉटन’ हा हर्बेशियम जातीचा देशी कापूस पावसाच्या पाण्यावर येतो. आखूड म्हणून त्याला भाव नव्हता. तेथील संस्थांनी शेतकरी, सूतकताई आणि विणकर यांना जोडले. जाड सुताच्या शाली आणि कापड तयार होऊ लागले, आणि काला कॉटनच्या कापडावर अजरखचे छापकामही होऊ लागले. झाड बदलले नाही, झाडाला साजेसा माल शोधला गेला. आपल्या मालेगाव-भिवंडीत जाड सुताची टॉवेल, चादर, लुंगी विणण्याचे हात आजही आहेत. दहा-वीस कारखानदारांनी एकत्र येऊन मराठवाड्यातील शेतकऱ्यांशी बोलणे अशक्य नाही.

आता काय करावे?

आम्ही स्वतः जे पाळतो ते येथे सांगतो. खर्च फार नाही.

पहिली गोष्ट, सूत घेताना काउंटबरोबर रुईचे वाण, लांबी आणि मायक्रोनेअर विचारावे आणि सौद्याच्या कागदावर लिहून घ्यावे. डिसेंबरनंतरच्या मालात तर जरूर विचारावे.

दुसरी, प्रत्येक नव्या लॉटचे थोडे सूत काळ्या पुठ्ठ्यावर जवळजवळ गुंडाळून उजेडात पाहावे. गुठळ्या असतील तर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

तिसरी, मोठा माल विणायला देण्यापूर्वी हातभर कापड विणून ते सर्वात गडद रंगात बुडवून पाहावे. एका दिवसाचे काम आहे.

चौथी, भेसळीची शंका आली तर धागा जाळून पाहावा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

पाचवी, वाद झाला तर आरडाओरडा करण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. माटुंग्याची ‘सिरकॉट’ ही १९२४ मध्ये स्थापन झालेली संस्था हेच काम करते. तेथे रुई आणि सुताची तपासणी फी घेऊन होते. घाटकोपरच्या ‘बिट्रा’मध्ये आणि टेक्सटाईल्स कमिटीच्या प्रयोगशाळांतही सोय आहे. तपासणीला जेवढा पैसा लागतो त्याहून जास्त पैसा आपण वादात घालवितो.

सहावी, विणणारा कारागीर धागा तुटतो असे म्हणाला तर त्याचे ऐकावे. प्रयोगशाळेच्या आधी सुताची परीक्षा त्याच्या मागावर झालेली असते.

अहवाल आल्यानंतर आम्ही रंगवाल्याचे बिल चुकते केले आणि त्याची माफी मागितली. सूतवाल्याकडून भरपाई मिळाली नाही, कारण सौद्याच्या कागदावर काउंटशिवाय आम्ही काहीच लिहून घेतले नव्हते. त्या कापडाचा ऐब सांगून आम्ही ते अस्तरासाठी कमी भावात विकले. त्यानंतर यंत्रमागधारकाची कापलेली मजुरी घेऊन त्याच्या कारखान्यावर गेलो. त्याने पैसे मोजले, खिशात ठेवले आणि म्हणाला, “सेठ, पैसे मिळाले ते ठीकच झाले. पण माझे माग खराब नव्हते हे तुम्ही चार माणसांसमोर सांगा.” आम्ही तेथे काम करणाऱ्या कारागिरांसमोर ते सांगितले. आज येथे छापूनही सांगत आहोत.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि मापात, मालात व मजुरीत इन्साफ करण्याची तौफीक देवो. आमीन.